पैठणीच्या कलेक्शनमधले उलटे मोर, मलाच खटकले की काय?

काठपदर_नाशिक

नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय आणि जरा लांबलाय, चहा घेऊनच बसा.

परवा रविवारी आमच्या इथल्या एका डिझायनरच्या नवीन कलेक्शनचा शो बघून आले. नाव देत नाही, कारण शहर तसं लहानच आणि माझी जाऊबाई तिच्याकडे ब्लाऊज शिवते, मला घरात राहायचंय. गंगापूर रोडला एका लॉन्सवर होता, पास जाऊबाईंनीच दिला. सगळं कलेक्शन पैठणीचं. जॅकेटं, गाऊन, केप, शिवलेली नऊवारी आणि पुरुषांसाठी दोन बंडी. निवेदन करणाऱ्या बाई दर पाच मिनिटांनी "आपल्या येवल्याच्या विणकर बांधवांना समर्पित" म्हणत होत्या, आणि येवला इथून ८०-८५ किलोमीटरवर, तरी स्टेजवर एकही विणकर नाही. बरं ते सोडा, समर्पण तर समर्पण.

आता कपड्यांबद्दल. पहिला गाऊन आला तेव्हा टाळ्या पडल्या, मीपण वाजवल्या, रंग सुंदर होता, मोरपंखी. दुसऱ्यांदा ती मुलगी जवळून गेली तेव्हा बघितलं तर छातीवर डाव्या बाजूचे मोर सरळ आणि उजव्या बाजूचे सगळे डोकं खाली पाय वर. मला वाटलं डिझाईनच असेल, काहीतरी आरशासारखं वगैरे. मग तिसऱ्या जॅकेटच्या बाहीवर परत तेच. चौथ्यातपण. मग मला हसू यायला लागलं आणि शेजारच्या काकू माझ्याकडे बघायला लागल्या.

शिवलेल्या नऊवारीचं तर काय सांगू, तिला मागे चेन होती आणि काष्ट्याचा काठ मधोमध यायला पाहिजे तो सरकून एका बाजूला गेलेला, ती पोरगी स्टेजची एक पायरी चढताना कमरेला हात लावून थांबली आणि आधी पाय आडवा टाकला मग वर घेतला. आमची आजी नऊवारीत विहिरीवरून दोन हंडे आणायची हो. लाईट सगळे जांभळे, त्यामुळे पैठणीची धूपछाँव, म्हणजे हलली की रंग बदलतो ना ते, दिसतच नव्हती, मोरपंखी काळा दिसत होता आणि राणी रंग वांग्यासारखा.

एक जॅकेट मात्र मनापासून आवडलं, साधं, काळं, फक्त पुढच्या दोन कडांना मुनियाचा, म्हणजे छोट्या पोपटांचा काठ, बाकी काही नाही. तेच एक घालावंसं वाटलं.

आता मूळ प्रश्न. माझ्याकडे आजीची पैठणी आहे, अंजिरी रंगाची, अंग घड्यांवर विरलंय पण पदर अजून दणदणीत. चुलत बहिणीच्या लग्नासाठी त्याचं जॅकेट करून घ्यायचं ठरलं होतं आणि याच डिझायनरकडे द्यायचं होतं. ॲडव्हान्स अजून दिला नाही. शो बघून हात मागे आलाय. मी उगाच खुसपटं काढतेय का? की देऊ नये?

रॅम्पवाली

ताई राग मानू नका पण टीका करणं फार सोपं असतं. नवी मुलगी आहे, स्वतःचे पैसे घालून शो करते, मुंबईला न जाता नाशकात करते, हे कौतुकाचं नाही का? आणि रॅम्पवरचे कपडे रोज घालायचे नसतातच, तिथे कल्पना दाखवतात. पायरी चढता येत नाही म्हणे, अहो मोठमोठ्या शोमध्ये मुली पडतात धडाधड.

पैठणी आपल्याकडे लग्न, मुंज आणि मग कपाट. कोणीतरी कापून वेगळं केल्याशिवाय नवीन पिढी ती घालणार कशी? खणाचंच बघा, दहा वर्षांपूर्वी ओटीत नाहीतर पूजेला, बाकी कोण विचारत होतं? खणासारखी हातमागाची कापडं घेऊन डिझायनर वैशाली शडांगुळे २०२१ ला पॅरिसच्या कुटूर फॅशन वीकपर्यंत पोचल्या. सुरुवात कुठून तरी होतेच. मोर उलटे असतील तर ते मुद्दाम केलेलं असू शकतं, सगळं सरळच कशाला पाहिजे.

येवल्याचा_माग

मी येवल्याचा, घरात दोन माग आहेत, वडील आणि भाऊ बसतात, मी नोकरी करतो आणि रविवारी बसतो तर पाठ धरते. म्हणून दोन शब्द लिहितो.

काठपदर ताई, एक सांगा, कुठलं जॅकेट आतून दिसलं का तुम्हाला? कारण मोर उलटे की सुलटे हा नंतरचा विषय, मुळात ती पैठणी होती का हे आधी बघायला पाहिजे.

खऱ्या पैठणीच्या पदरात प्रत्येक मोराच्या प्रत्येक रंगाला वेगळी छोटी कांडी असते, तो रंग जिथे संपतो तिथूनच धागा मागे वळतो, त्यामुळे पदर उलटा केला तरी मोर तसाच्या तसा दिसतो, मागे लोंबणारे धागे नसतात. मशीनवरच्या सेमी पैठणीत धागा मागून आडवा धावत जातो, मग मागची बाजू झिपरी दिसते, कधी ते धागे कापून टाकतात तर केसाळ दिसते, कधी जाळी चिकटवतात. एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी निम्मी फसवणूक वाचते. दुसरी खूण, हातमागावर कापड ताणून धरायला टोकदार पट्टी लावतात, तिच्या टाचण्यांची बारीक भोकं दोन्ही कडांना दिसतात.

साध्यातली साधी पैठणी महिनाभर खाते, पदर भरगच्च असेल तर सहा महिने, वर्षसुद्धा. एका शोला पंधरा-वीस कपडे, प्रत्येकाला दोन-दोन पदर, एवढ्या पैठण्या कापल्या असतील तर त्या बाईंना माझा साष्टांग नमस्कार आणि त्यांच्या नवऱ्याला दोन.

सेमी वापरली म्हणून मी शिव्या देत नाही हां. ज्याला परवडेल ते त्याने घालावं, आमच्याच गावात दुकानांत सेमी पण मिळते. पण मग माईकवर विणकर विणकर करू नका. पैठणीला २०१० ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग मिळाला, तो ज्या कापडाला मिळाला ते कापड वेगळं आहे.

बारक्या_बारामती

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरी घालून पोरं चालवली आणि नाव घेतलं नाही तर आपण सगळ्यांनी फोन तापेपर्यंत शिव्या घातल्या, शेवटी त्यांनाही कबूल करावं लागलं की हो बाबा तुमचीच प्रेरणा. आता घरच्याच माणसाने येवल्याचं नाव घेतलं आणि कापड भलतीकडचं लावलं तर आपण टाळ्या वाजवायच्या. चालू द्या. 🍿

बाकी उलटे मोर म्हणजे वटवाघळं समजा, विषय संपला.

शिवणयंत्र

बारक्या 😂

मी दादरला एका वर्कशॉपमध्ये कटिंग मास्तर म्हणून बावीस वर्षं काढली, आता घरीच करतो. उलटे मोर मुद्दाम केलेले नाहीत, शंभर टक्के सांगतो. ते कापड वाचवायच्या नादात होतं.

कसं होतं बघा. प्लेन कापड असलं की आपण पुढचा भाग एक सरळ आणि दुसरा उलटा असा एकमेकांत अडकवून ठेवतो, मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतो तिथला खड्डा दुसऱ्याच्या फुगवट्यात बसतो, अर्धा मीटर वाचतो. पण डिझाईनला डोकं आणि पाय असले, म्हणजे मोर, पोपट, गणपती, काहीही, तर सगळे भाग एकाच दिशेने ठेवावे लागतात आणि कापड जास्त जातं. पदर मोठा म्हटला तरी किती, हात-दोन हात. त्यात जॅकेटचे दोन पुढचे भाग आणि बाह्या सरळ बसत नाहीत, मग मास्तर म्हणतो फिरव एक भाग, कोणाला कळतंय. बाहीवर तर हमखास होतं. माझ्याकडूनही झालंय एकदा, बालाजीची बॉर्डर होती, गिऱ्हाईकाने घरी जाऊन बघितलं आणि रात्री दहाला फोन केला. तेव्हापासून खडूने प्रत्येक भागावर वर जाणारा बाण काढल्याशिवाय कात्री लावत नाही.

रॅम्पवाली ताई, मुद्दाम करणारा माणूस असा डाव्या-उजव्या भागात गुपचूप करत नाही, तो मोर पाठीवर हातभर उलटा लावतो आणि सांगतो बघा. जे मुद्दाम केलंय ते लांबून कळलं पाहिजे.

अजून एक विचारायचं होतं. काठपदर ताई, गाऊनला गळ्याशी किंवा कमरेला सैल झोळ होता का, पाण्यासारखा पडणारा? पडला का तो?

काठपदर_नाशिक

@शिवणयंत्र, अहो होता की! एक गाऊन होता, गळ्याशी झोळ, पण तो पडत नव्हता, ताठ उभा, पुठ्ठ्यासारखा. चालताना हनुवटीला लागत होता बिचारीच्या, सारखी मान वर.

@येवल्याचा_माग, आतून दिसलं!! तुम्ही विचारल्यावर फोटो परत बघितले. एका मुलीने टोकाला जाऊन जॅकेट उघडून दाखवलं तेव्हाचा फोटो आहे माझ्याकडे, मोठा करून बघितला तर एका बाजूला अस्तर आहे, दुसऱ्या बाजूचं निघालंय बहुतेक, आणि आत आडवे धागेच धागे, नारळाच्या शेंडीसारखे. आणि त्याच फोटोत मागे उभ्या असलेल्या दोघींच्या जॅकेटवर मोराच्या चोचीत अगदी एकसारखा गुलाबी ठिपका, मशीनवर छापल्यासारखा. फोटो इथे टाकत नाही, मुलींचे चेहरे आहेत.

शिवणयंत्र

झोळ ताठ राहणारच. तो करायला कापड उरेबात, म्हणजे तिरकं कापावं लागतं, तेव्हा ते लोंबतं. पण जरीचा पदर उरेबात कापून काय होणार, जरीला ताण नाही, ती रेशमासारखी सरकत नाही, वाकवली की तिथेच घडी धरते. शिफॉन नाहीतर पातळ क्रेपमध्ये पाच मिनिटांत पडला असता तो झोळ. पॅटर्न कदाचित बरोबर असेल, कापड चुकलं. आणि हे रॅम्पवर जायच्या आधी कळतं, पहिल्या ट्रायललाच. मुलीच्या अंगावर चढवून तिला खाली बसव, हात वर करायला लाव, चप्पल घालायला लाव. नऊवारीचंही तेच, ट्रायलला पायरी चढवली असती तर चेन मागे लावली नसती, बाजूला लावली असती आणि काष्ट्याला मध्ये कळी, म्हणजे जास्तीचा तुकडा घातला असता. काष्टा का चालतो, तर तो शिवलेला नसतो, पाय उचलला की कापड स्वतः जागा करून देतं. शिवलात की ती जागा तुम्ही करून द्यायची.

ते काळं जॅकेट तुम्हाला आवडलं ना, ते आवडणारच, कारण तिथे काठ काठासारखा वापरलाय, कडेला. काठ विणलेलाच असतो कड सांभाळायला.

पणजेची_पोर

मी गोव्यातली, मराठी जरा आमच्या वळणाची येईल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स होते, २०२० मध्ये गेले. त्यांनी कुणबी साडी परत आणली ती कशी, ते या संदर्भात बघण्यासारखं आहे. लाल-पांढऱ्या चौकड्याची जाडीभरडी सुती साडी, खांद्यावर गाठ मारून नेसायची, शेतात काम करायला सोयीची म्हणून आखूड. गोव्यात ती विणणारं जवळपास कोणी उरलं नव्हतं. त्यांनी विणकर गाठून ती परत विणून घेतली, शहरातल्या बाईला नेसता यावी म्हणून लांबी वाढवली, आणि चौकडा तसाच ठेवला. म्हणजे बदल मागावर केला, कात्रीने नाही. माझी आई शेतकरणीची मुलगी, तिने ती साडी पाहिली तेव्हा पहिल्यांदा हात लावून वजन पाहिलं आणि म्हणाली, ही नेसून वाकता येईल.

तुमच्या शोमध्ये ही एवढी चाचणी पण कोणी घेतली नाही असं दिसतं.

रॅम्पवाली

ठीक आहे, आतले धागे ऐकून मीपण गप्प झाले, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण माझा मुद्दा अजून तोच आहे, पैठणी कापूच नये असं म्हणाल तर ती म्युझियममध्ये जाईल. @येवल्याचा_माग, खरं सांगा, कोणी तुमची पैठणी विकत घेऊन तिच्यावर कात्री चालवली तर वाईट वाटतं ना? म्हणूनच हे सगळे डिझायनर सेमी घेत असतील.

येवल्याचा_माग

वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. वडिलांना जास्त वाटतं. पण पैसे मिळाल्यावर दुसरी लावायला घेतो हेही खरं.

तरी कापायची वेळ का यावी हा माझा प्रश्न आहे. मागावर पाहिजे तसं विणता येतं ना ताई. आम्ही ओढण्या विणतोच की, शेले विणतो. डिझायनरने जॅकेटचा कागदी पॅटर्न घेऊन यावं, मागाजवळ बसावं, म्हणावं इथे मोर पाहिजे, इथे मुंढा येणार तिथे नुसती प्लेन जमीन सोडा, इथे दोन बुट्ट्या. बाहीसाठी मोर वेगळा विणू, तो सरळच येईल, उलटा आला तर माझे कान धरा. जरीचं काम फक्त दिसणाऱ्या जागी, म्हणजे खर्चही कमी आणि काखेत टोचतही नाही. आणि आम्हाला काय पाहिजे, तर लग्नसराई संपल्यावर माग रिकामा राहू नये. समर्पण वगैरे नको, आषाढात चार मीटरची ऑर्डर द्या.

अशी एक मुलगी आली होती आमच्याकडे, कॉलेजची, दोन दिवस राहिली, वडिलांनी तिला धोटा हातात दिला, तिने तीन वेळा धागा तोडला. पण तिसऱ्या दिवशी जो पॅटर्न काढला त्यात सगळे मोर शिवणीपासून दोन बोटं लांब होते. कोणी न सांगता.

बारक्या_बारामती

आता सिरीयस बोलतो. आमच्या आत्याची जुनी पैठणी दारावर "जुनी जर घेणार" म्हणत आलेल्याला दिली होती, त्याने काट्यावर तोलून पैसे दिले. ते लोक जाळून चांदी काढतात हे नंतर कळलं, आत्या आठवडाभर जेवली नव्हती नीट. त्यामानाने कोणाच्याही हाताने जॅकेट झालेलं परवडलं. ताई आजीची साडी जपा.

शिवणयंत्र

बरोबर. आता ताईंच्या मूळ प्रश्नाचं बघू, सगळे त्या शोच्याच मागे लागले.

कुठेही द्या, पण आधी घरी एवढं करा. साडी उन्हात नको, सावलीत पसरा आणि उजेडासमोर धरून बघा, घडीवर कुठे विरलंय तिथे पिन लावून ठेवा. जुनं रेशीम घडीवरच फाटतं. जरीजवळ डांबराच्या गोळ्या असतील तर आधी काढून टाका, जर काळी पडते. पदर कापण्याआधी मागून जुन्या मऊ मलमलचा तुकडा हाताने कच्च्या टाक्यांनी जोडून घ्यायचा, म्हणजे ताण मलमलवर जातो. मशीनवाला चिकटवायचं कॅनव्हास म्हणाला तर नको म्हणा, इस्त्रीच्या उष्णतेने आणि गोंदाने जुनं रेशीम कडक होतं, परत निघत पण नाही. आणि कापलेल्या कडेला लगेच पट्टी, कारण पैठणीचा पदर कापला की धागे सुटायला वेळ लागत नाही, प्रत्येक रंग तिथल्या तिथेच वळलेला असतो, कात्री लागली की त्याला धरायला कोणी नाही.

जॅकेट बिनबाह्यांचं करा. पदर पाठीवर अखंड जाऊ द्या, पुढे फक्त काठ. अंग प्लेन रेशमाचं, अंजिरीच्या जवळचा रंग मिळेल, अगदी तोच शोधत बसू नका, तोच कधीच मिळत नाही.

डिझायनरला एकच प्रश्न विचारा, कापायच्या आधी पॅटर्न पदरावर ठेवून मला दाखवाल का? हो म्हणाली तर द्या. तुम्हाला काय कळतं अशा चेहऱ्याने बघितलं तर साडी उचला आणि या.

काठपदर_नाशिक

अपडेट देते, चार दिवस झाले.

गेले होते तिच्याकडे. खरं सांगायचं तर मुलगी चांगली आहे, थकलेली होती, शोनंतर पैसे अडकलेत म्हणाली. पॅटर्न ठेवून दाखवा म्हटलं तर म्हणाली, काकू, एवढा वेळ एका पीसला देता येत नाही, आणि कटिंग माझ्याकडे होत नाही, बाहेर जातं. ते ऐकून मला तिच्यापेक्षा त्या बाहेरच्या माणसाचं नवल वाटलं, त्याने कोणाचे मोर आहेत हे बघितलंही नसेल, दिवसाला किती पीस त्याला माहीत. उलट्या मोरांचं मी काढलं नाही, तिनेच काढलं. म्हणाली, शोच्या आदल्या रात्री दोनला बघितलं, तेव्हा काय करणार. आणि ते काळं जॅकेट? ते तिने स्वतः कापलं होतं. एकच.

सेमीबद्दल विचारलं नाही, जीभच रेटली नाही. भेकड म्हणा हवं तर.

साडी घेऊन परत आले. आमच्या गल्लीत एक मास्तर आहेत, साठीचे, पुरुषांचे सूट शिवायचे, आता फारसं काम नसतं. त्यांच्यासमोर पदर पसरला तर दोन मिनिटं काही बोलले नाहीत, चष्मा पुसला, मग मागची बाजू बघितली, मग परत पुढची. येवल्याचा_माग, तुमची खूण सांगितली तर म्हणाले, माहितीये हो. वर्तमानपत्राचा पॅटर्न कापला, पदरावर ठेवला, सरकवला, परत ठेवला, दीड तास. चहा दोनदा झाला. बाण पण काढले, शिवणयंत्र दादा, मी न सांगता.

आता अडचण एकच. पाठीवर सगळे मोर नीट बसतात, सरळ, मधोमध. फक्त उजव्या कडेचा एक मोर मुंढ्यात अर्धा कापला जातोय, चोच राहतेय आणि पिसारा जातोय. पॅटर्न डावीकडे सरकवला तर डावा जातो. मास्तर म्हणतात तुम्ही ठरवा, मी उद्या कात्री लावणार. काय करू?

येवल्याचा_माग

अर्धा मोर ठेवू नका. तो सोडवून पूर्ण कापून घ्या आणि आत खिसा लावा त्याचा.

शिवणयंत्र

हेच. डाव्या बाजूला आत, अस्तरावर. मागे मलमल विसरू नका. आणि बाण त्याच्यावर पण काढा 🙂